गल्ल्यातला पैसा आणि खरा नफा

आज हिशेबाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. हिशेब म्हटला की आपल्याकडे पुष्कळांना झोप येते. म्हणून आरंभ एका गिरणीपासून करतो.

आमच्या गावात एक पिठाची गिरणी आहे. मालक कष्टाळू माणूस. पहाटेपासून रात्रीपर्यंत अंगावर पीठ. गिरणी घातली त्याला तीन वर्षे पुरी झाली आणि एके दिवशी मोटार जळाली. भरून घेण्याजोगीही राहिली नाही. नव्या मोटारीला अठ्ठावीस हजार रुपये हवे होते आणि गल्ल्यात निघाले चार हजार. शेवटी घरच्या लक्ष्मीच्या पाटल्या गहाण पडल्या. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तीन वर्षं धंदा नफ्यात होता. मग नफा गेला कुठं?"

मी म्हटले, "वही आणा, बघू."

वही म्हणजे एक जुनी डायरी. तरी पण तिच्यातून एका वर्षाचा मेळ लागला. दळणाची जमा ३,६०,००० रुपये. वीज १,०८,०००, मदतनिसाची मजुरी ९६,००० आणि टाकी, पट्टा, वंगण मिळून २४,०००. एकूण खर्च २,२८,०००. उरले १,३२,०००. त्यातून घरखर्चाला महिना साडेदहा हजार उचलले, म्हणजे वर्षाचे १,२६,०००. गल्ल्यात सहा हजार शिल्लक. तेवढे जत्रेत आणि पाहुण्यारावळ्यांत गेले. "बघा, तोटा कुठं आहे?" ते म्हणाले.

मंडळी, तोटा होता. पण तो गल्ल्यात दिसत नव्हता. तो मोटारीत होता, दगडात होता. बैल दरसाल म्हातारा होतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. यंत्राचेही तसेच. ते रोज थोडे थोडे झिजते. या झिजेला हिशेबात घसारा म्हणतात. हा पैसा त्या दिवशी कोणाच्या हातावर ठेवावा लागत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. पण खर्च तो खर्चच.

आयकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रसामग्रीला घसाऱ्याचा दर शेकडा १५ आहे आणि तो दर वर्षी उरलेल्या किमतीवर धरतात. या गिरणीचा संच होता १,२०,००० रुपयांचा. पहिल्या वर्षी घसारा १८,०००. किंमत उरली १,०२,०००. दुसऱ्या वर्षी १५,३००, उरली ८६,७००. तिसऱ्या वर्षी १३,००५. तीन वर्षांचा घसारा झाला ४६,३०५ रुपये.

आता तो मेळ पुन्हा मांडा. १,३२,००० मधून १८,००० वजा केले की पहिल्या वर्षाचा खरा नफा १,१४,०००. घरात मात्र गेले १,२६,०००. म्हणजे बारा हजार रुपयांची गिरणीच त्या घराने खाल्ली म्हणायची! महिना साडेदहाऐवजी साडेनऊ हजार उचलले असते आणि पुढेही घसाऱ्याएवढी रक्कम बँकेत वेगळी टाकली असती, तर मोटार घेऊन वर १८,३०५ रुपये उरले असते. पाटल्या हातातच राहिल्या असत्या.

म्हणून पहिली गोष्ट ही, की धंद्याचा खिसा निराळा आणि घरचा खिसा निराळा. घरासाठी काढलेला पैसा 'उचल' म्हणून लिहावा. तो धंद्याचा खर्च नव्हे.

दुसरी गोष्ट. खर्च आणि मालमत्ता यांची गल्लत करू नये. दगडाला टाकी लावली, पट्टा बदलला, मोटार भरून घेतली, हा त्या वर्षाचा खर्च. पण मिरची कांडपाचे नवे यंत्र आणले तर ती मालमत्ता झाली. तिची किंमत एकदम खर्चात टाकायची नाही, घसाऱ्याच्या रूपाने वर्षावर्षाला टाकायची. पहिल्या वर्षी ते १८० दिवसांहून कमी वापरले असेल, तर घसारा निम्माच मिळतो. जागेला, म्हणजे नुसत्या जमिनीला, घसारा नाही. आणखी एक ध्यानात ठेवा : यंत्र घेताना एका माणसाला एका दिवशी दहा हजारांहून अधिक रोख दिले, तर ती रक्कम कराच्या हिशेबात किंमत म्हणून धरत नाहीत. म्हणून पैसे बँकेतून द्यावे आणि पावती जपून ठेवावी.

आता कराविषयी. पुष्कळांना वाटते, "आम्ही शेतकरी, आम्हाला आयकर नाही." हे अर्धेच खरे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. राज्यघटनेने तो विषय राज्यांकडे ठेवला आहे. पण लोकांचे धान्य दळून मिळालेला पैसा शेतीचा नव्हे, धंद्याचा. इतकेच नव्हे, धंद्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेले, तर कर किती बसवायचा हे ठरवताना शेतीचे उत्पन्नही विचारात घेतात. तेव्हा शेताची वही आणि गिरणीची वही वेगळी असू द्या. दळणाबद्दल धान्य घेतले तर त्याचीही किंमत जमेला धरा.

लहान धंदेवाल्यांसाठी कायद्यात एक ठोक पद्धत आहे. रोखीच्या जमेवर निदान शेकडा ८ आणि बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या जमेवर निदान शेकडा ६ एवढा नफा धरून कर आकारू देतात. ती पद्धत घेतली की घसारा वेगळा मागता येत नाही. "मग वही कशाला?" असे कोणी विचारील. अहो, ठोक आकड्याने सरकारचे काम भागेल, तुमचे नाही. मोटार जळाली की ती शेकडा आठला विचारत नाही!

पूर्वी व्यापारी आपले वर्ष दिवाळीला मिटवीत आणि करखात्यालाही ते चालत असे. १९८९ पासून कराचे वर्ष सर्वांना एकच, १ एप्रिल ते ३१ मार्च. वहीपूजन दिवाळीला खुशाल करा. मेळ मात्र मार्चअखेर घाला.

शिक्षकमित्रांना एक विनंती. शेकडेवारी शिकवताना मुलांना गावातल्या गिरणीचा, शिवणयंत्राचा, चहाच्या गाड्याचा असा हिशेब घालून द्या. घसारा काढता येणारे पोर घरी गेले की बापाला दोन प्रश्न विचारील, आणि ते विचारलेले बरे.

आमच्या गिरणीवाल्यांनी आता दोनशे पानी वही घेतली आहे. रोज रात्री गिरणी बंद झाली की त्यांची मुलगी जमा-खर्च लिहिते. दर महिन्याला ठरलेली रक्कम बँकेत वेगळी पडते. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. पण कोणत्या महिन्यात सुटतील, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले आहे.

बरे तर मंडळी, राम राम.