तंबू कर्नाळ्याला, पास लोकलचा



प्रवासावर व्याख्यान म्हटले की हिमालय नाही तर हंपी तरी कानी पडावी, अशी आपली अपेक्षा असते. आम्ही मात्र आपणांस पनवेलपलीकडे नेऊन थांबवणार आहोत. पौषाच्या थंडीत आम्ही पाच जणांनी कर्नाळ्याच्या बाजूला, भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात, मालकांच्या परवानगीने तंबू ठोकले. तेथून आठवडाभर रोज निघून नवी मुंबई पाहिली. वाहने कोणती? एसटी, लोकल, मेट्रो, बस आणि लाँच. मोटार भाड्याने करावयाची नाही, एवढाच नियम होता.

कोणी विचारील, शहर पाहायचे तर शेतात का राहायचे? कारण असे की, हे शहर ज्यावर उभे आहे ती जमीनही कालपरवापर्यंत अशीच खाचरे आणि मिठागरे होती. सकाळी धसकटांतून चालत हमरस्ता गाठावा, एसटीने पनवेलला यावे, लोकल पकडावी आणि वाशीच्या उंच इमारतींपुढे उतरावे. पन्नास वर्षांचा इतिहास एका सकाळीत डोळ्यांपुढून जातो.

त्या इतिहासाची सुरुवात कागदावर झाली. मुंबई दक्षिणोत्तर लांबट. सकाळी सारे दक्षिणेकडे धावतात, संध्याकाळी उत्तरेकडे परततात. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून सुचवले की, शहराचे तोंड पूर्वेकडे वळवा, खाडीपलीकडे जा. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या कामासाठी ठरल्या. १९७३ मध्ये खाडीवर मोटारींचा पूल झाला. आगगाडी मात्र वाशीला पोचली ती ९ मे १९९२ रोजी, म्हणजे मोटारीनंतर एकोणीस वर्षांनी. पनवेलपर्यंत ही लोकल जायला आणखी सहा वर्षे लागली.

या रेल्वेचा खर्च कोणी केला, हे आपण ध्यानात घ्यावे. शंभरातले सदुसष्ट रुपये सिडकोचे आणि तेहतीस रेल्वेचे, असा करार होता. सिडकोचा पैसा मुख्यतः विकसित जमिनीच्या विक्रीतून येई. तेव्हा फलाटाखाली कोणाचे तरी शेत आहेच. फलाटाच्या खर्चातही ते आहे. या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झाले. १९८४ च्या जानेवारीत गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, ते या बलिदानाच्या पोटी.

त्याच उरण तालुक्याला लोकल मिळाली १२ जानेवारी २०२४ रोजी. आणि योगायोग पाहा, त्याच दिवशी शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतूही खुला झाला. सेतूवर मोटारी धावतात, काही बसही जातात. परंतु दुचाकी आणि रिक्षा यांना तेथे मज्जाव आहे. रुळांवरून मात्र सगळे जातात. उरणच्या गाडीत मासळीची पाटी घेतलेल्या एक मावशी भेटल्या. आम्ही विचारले, ‘‘मावशी, गाडीचा उपयोग होतो का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘होतो तर! पाटी एकदाच चढवायची नि एकदाच उतरवायची.’’ वाहतुकीच्या शास्त्रावर याहून नेमके भाष्य आम्ही ऐकलेले नाही.

उरणजवळच मोरा बंदर. तेथून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. ओहोटीला गाळामुळे ती खोळंबते, म्हणून कोकणातला जुना हिशेब पाठ करून जावे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. काही मिनिटे इकडेतिकडे होतील, पण खिशात पंचांग असले की काम भागते.

बेलापूरला उतरून कोरियांनी आखलेली कलाकारांची वसाहत पाहावी. लहान लहान चौकांभोवतीची ती घरे, आणि अंगणातले आकाश! तेथून पेंधरपर्यंत ११ स्थानकांची मेट्रो आहे. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. सीवूड्सला उतरून खाडीकडे चालत गेलात तर हिवाळ्यात रोहित पक्षी दिसतील. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. ते पाहायला तिकीट लागते ते फक्त लोकलचे.

आता मुख्य मुद्दा. शहर चांगले की वाईट हे त्याच्या मनोऱ्यांवरून ठरवू नये. अंगावर दोन कपडे आणि हातात पिशवी असलेल्या माणसाला खाडीकाठ, बंदर, रान आणि कचेरी येथे साध्या तिकिटात जाता येते काय, हे विचारावे. नव्या मुंबईने या परीक्षेत पुष्कळ गुण मिळवले आहेत, पण उशिरा मिळवले आहेत. आता ११६० हेक्टरांवर विमानतळ उभा राहिला. त्यासाठी दहा गावे उठली आणि डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली. पनवेलच्या आसपासची खाचरेही आराखड्यांत रंगवली गेली आहेत. तेथे वस्ती होणारच. मात्र या वेळी मोटारीच्या मागून एकोणीस वर्षांनी आगगाडी येऊ नये, आणि जमीन देणाऱ्याच्या गावाला शेवटचे स्थानक मिळू नये, एवढे आपण नागरिकांनी मागितले पाहिजे.

मागण्यापूर्वी पाहावे लागते. म्हणून सुटीत चार जण जमवा, मालकाला विचारून तंबू ठोका, परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा, आणि निघा.