पाडव्याची यादी आणि दुपारचे दोन तास

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

 

आज मला तुमच्याशी सुतारकामाबद्दल बोलायचं आहे. खरं म्हणजे सुतारकामाच्या वहीबद्दल. काम कसं करायचं हे हात शिकतो. पण वर्षभरात आपण किती काम करणार, त्यातलं किती झालं, आणि राहिलं ते का राहिलं, हे वहीशिवाय कळत नाही. मला ते कळायला तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून सांगते.

माझे वडील गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाकं, सगळं त्यांच्या हातचं. पुढं ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, आणि गावचं काम कमी झालं. भाऊ शहरात फर्निचरच्या कामाला गेला, तिथं सगळं मशीनवर. वडील गेल्यावर त्यांची पेटी मी सासरी आणली. करवत, रंधा, पटाश्या, गिरमिट, गुण्या. लहानपणी मी त्यांच्या रंध्याला धार लावून द्यायची, तेवढ्या ओळखीवर सुरुवात केली. पहिला पाट वाकडा झाला. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, मी बसते त्याच्यावर." अजून त्या त्याच्यावरच बसतात.

मग शेजारणींनी पाट मागितले, चौरंग मागितले. मी पाडव्याला यादी केली. बारा पाट, चार चौरंग, एक देव्हारा, परसदाराचा मोडका दरवाजा, आणि मुलीला अभ्यासाला बैठं डेस्क. मुलगी तेव्हा आठवीत होती.

पुढचा पाडवा आला तेव्हा झालं होतं काय? पाच पाट आणि एक चौरंग. तो चौरंगही परत आला. ते कसं, ते पुढं सांगते. मी यादी पुन्हा लिहिली, आणखी चार वस्तू वाढवल्या. दुसरं वर्षही तसंच. तिसरंही तसंच. मुलगी दहावीत गेली. पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून, मान मोडून लिहायची. बोर्डाचा अभ्यास तिनं त्या ट्रंकेवरच केला.

तिची परीक्षा संपली आणि पाडवा आला. त्या दिवशी मी तिन्ही वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्ही याद्यांत डेस्क होतं. तिन्ही वेळा राहिलेलं होतं. बायांनो, वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगत होते, स्वतःलासुद्धा. पण त्या तीन वर्षांत माझ्या हातून पंधरा-सोळा पाट झाले होते. म्हणजे वेळ होता. बाहेरचं माणूस दारात येऊन विचारायचं, त्याचं काम पुढं जायचं. मुलगी विचारत नव्हती, तिचं मागं राहायचं.

त्या दिवशी मी यादी करायची थांबवली आणि आधी तास मोजले. हेच मला आज तुम्हाला सांगायचं आहे. आधी तास मोजा, मग यादी करा.

तास कसे मोजायचे? कॅलेंडर घेऊन बसा. वर्षाचे आठवडे बावन्न. त्यातून जे आपले नाहीत ते आधी काढून टाका. माझ्याकडं सोयाबीनची पेरणी आणि भांगलण यांत सहा आठवडे जातात. काढणी, मळणी आणि दिवाळीत पाच. ज्वारीच्या काढणीत चार. गौरी-गणपतीत दोन. गावची जत्रा आणि नात्यातली लग्नं यांत दोन. मुलांच्या परीक्षा आणि घरातली आजारपणं यांना तीन. झाले बावीस. उरले तीस आठवडे.

आता आठवड्यात किती तास? मनात आलं, रोज दोन तास सहज मिळतील. मग महिनाभर खरोखर लिहून ठेवलं. धुणं, भांडी, गुरांचं पाणी, रेशनची रांग, पाहुणे, सगळं जाऊन आठवड्यात दोन दुपारी मिळाल्या. दोन ते चार. म्हणजे आठवड्याला चार तास. तीस गुणिले चार, एकशेवीस तास. त्यातले चौथा हिस्सा, म्हणजे तीस तास, अडीअडचणीला बाजूला ठेवले. घर आहे, काहीतरी निघतंच. हाती राहिले नव्वद तास. वर्षाचे नव्वद. इतके दिवस मी तीनशे तासांची यादी करत होते आणि ती पुरी होत नाही म्हणून स्वतःला आळशी म्हणत होते.

दुसरी गोष्ट, एका वस्तूला लागणारा वेळ. मला वाटायचं पाट दोन तासांत होतो. घड्याळ लावून बघितलं. फळी कापणं, रंधा मारणं, खालच्या रिपा बसवणं, कडा गोल करणं, पॉलिश पेपरनं घासणं, तेल लावणं. पाच तास. चौरंगाला बारा. डेस्कला वीस धरले. मग यादी अशी झाली. आधी डेस्क, वीस तास. आठ पाट, चाळीस तास. दोन चौरंग, चोवीस तास. झाले चौऱ्याऐंशी. उरलेले सहा तास हत्यारांना धार लावायला. देव्हारा खोडला. परसदाराचा दरवाजा भावाला सांगितला, तो सुट्टीला आला की करून देईल. खोडताना वाईट वाटलं. पण खोडलेलं काम रात्री झोप मोडत नाही, अर्धवट राहिलेलं मोडतं.

आता तो परत आलेला चौरंग. गणपतीसाठी मागणी होती म्हणून श्रावणात घाईनं केला. वखारीतून आंब्याची ओली फळी आणली होती. दिसायला चांगला झाला. कार्तिकात हवा कोरडी झाली आणि सांधे उघडले, वरची फळी चिरली. असं का होतं ते समजून घ्या. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, हिवाळ्यात-उन्हाळ्यात आकसतं. लांबीत फारसा फरक पडत नाही, पण रुंदीत पडतो. म्हणून ओल्या लाकडाचा सांधा कितीही घट्ट बसवला तरी पुढं ढिला पडतो. फळी सावलीत, जमिनीपासून उंच, मधे काड्या घालून रचून ठेवायची, म्हणजे चारी बाजूंनी हवा खेळते. दोन्ही टोकांना रंग फासायचा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना अंदाज आहे.

याचा अर्थ लक्षात येतोय ना? यंदाच्या यादीत पुढच्या वर्षाचं लाकूड असलं पाहिजे. संक्रांतीनंतर मी थोडं थोडं लाकूड आणून माडीवर रचते, फळीवर खडूनं महिना लिहिते. आणि घरच्या बांधावरचं झाड तोडायचं असेल तर आधी चौकशी करा. सागवान, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडं आपल्या मालकीची असली तरी तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी 1964 सालचा कायदा आहे. तलाठ्यांना विचारा, वनखात्यात विचारा, मगच कुऱ्हाड लावा.

कामही ऋतू बघून वाटून घ्यायचं. चैत्र-वैशाखात हवा कोरडी, तेव्हा सांध्याचं मोठं काम. आषाढ-श्रावणात पॉलिश नीट वाळत नाही, तेव्हा धार लावणं, मोजमाप, रिपा कापून ठेवणं असं हलकं काम. गणपतीचे चौरंग जत्रेच्या दिवसांतच बांधून तयार हवेत, गणपतीच्या तोंडावर नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, पाटांची मागणी तेव्हा येते. पाट आधीच तयार असले तर दारात आलेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" असं खोटं सांगावं लागत नाही.

यादी केली म्हणजे झालं नाही. ती बघावीही लागते. मी वर्षातून चार वेळा बघते. आषाढी एकादशीला, खंडेनवमीला, संक्रांतीला आणि पाडव्याला. साधारण तीन-तीन महिन्यांचं अंतर पडतं आणि तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतोच, त्याच वेळी वहीलाही हळद-कुंकू लावते आणि उघडते.

वही उघडून तीन प्रश्न विचारायचे. काय झालं? काय अडलं? आणि आता काय खोडायचं? अडलं त्याचं कारण चारातलं एक असतं. वेळ, माल, पैसा किंवा हात. हात म्हणजे आपल्याला ते येत नाही. नुसतं "राहिलं" असं लिहू नका, कारण लिहा. देव्हारा माझा वेळेमुळं अडतोय असं मी समजत होते. खरं कारण हात होता. त्याचा कळस मला जमत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडं जातच नव्हते. कारण कळलं की उपाय सापडतो. गावातल्या एका जुन्या सुतारकाकांकडं दोन दुपारी बसले, आता जमतं.

पैशाचाही हिशेब तेव्हाच करायचा. पाट मी साडेतीनशेला देते. लाकूड, डिंक, पॉलिश पेपर मिळून दीडशे जातात. दोनशे उरतात, पाच तासांचे. म्हणजे तासाला चाळीस. चौरंग आठशेला जातो, माल तीनशे ऐंशीचा. चारशे वीस उरतात, पण बारा तासांचे. म्हणजे तासाला पस्तीस. हातात मोठी नोट आली म्हणून चौरंग फायद्याचा वाटत होता. वही म्हणाली, पाट बरा. तेव्हापासून चौरंगाचा भाव शंभरानं वाढवला. घेणारीनं घेतला.

ज्यांना हत्यारं नाहीत त्यांनी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची माहिती घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये ती सुरू झाली. तिच्यातल्या अठरा कारागिरीच्या कामांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि तारण न ठेवता कर्ज, अशी ती आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. तेव्हा घरात बसून ठरवा, ते नाव कोणाचं असावं. काम करणारीचं नाव असायला काय हरकत आहे? नियम बदलतात, म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन आजचे नियम विचारा.

आता घरच्यांचं. नव्वद तास वहीत लिहिले म्हणजे ते मिळतात असं नाही, ते मागावे लागतात. मी यादी घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. आमचे हे म्हणाले, "एवढंच? मला वाटलं तू दिवसभर त्यातच असतेस." मी म्हणाले, "एवढंच. पण हे एवढं मला पुरं द्या." तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते चार, चहा ते स्वतः करतात. सासूबाई दाराशी बसतात, कोणी आलं की सांगतात, "सून कामात आहे, चारला या." हे एका दिवसात झालं नाही. चार-पाच वेळा चिडचिड झाली. पण घड्याळातली ठरलेली वेळ मागितली की माणसं देतात. "मला कधीतरी वेळ द्या" म्हटलं की कोणालाच काय द्यायचं ते कळत नाही.

डेस्कचं सांगायचं राहिलं. ते आषाढीला पूर्ण झालं. चांगलं झालं, सागवानी, खाली पुस्तकांना खण. पंधरा दिवसांनी मुलगी अकरावीला तालुक्याच्या वसतिगृहात गेली. आता त्याच्यावर धाकटा लिहितो. ती दिवाळीला आली तेव्हा त्या डेस्कपाशी बसली, हात फिरवला आणि म्हणाली, "आई, छान झालंय गं." बाकी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून सांगते. वहीत प्रत्येक कामापुढं एक रकाना ठेवा, "कोणासाठी" आणि "कधीपर्यंत उपयोगाचं". पाट पुढच्या लग्नालाही चालतो. दहावी पुढच्या वर्षी पुन्हा येत नाही. ज्या कामाची तारीख आपल्या हातात नाही, ते यादीत पहिलं.

तुमचं काम सुतारकाम नसेल. शिवण असेल, शेळ्या असतील, पापड असतील. हिशेब तोच. येत्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर दहा मिनिटं जास्त बसा. प्रत्येकीनं आपले बावन्न आठवडे मांडा, आपले नसलेले काढा, उरलेले मोठ्यानं सांगा. एकमेकींचे ऐकून हसायला येईल, थोडं रडायलाही येईल. पण त्या आकड्यावर केलेली यादी पुरी होते.

भेटू पुन्हा. नमस्कार.