विजेचें ड्रिल कसें निवडावें ?

पडद्याची दांडी बसविणें, भिंतीवर मांडणी टांगणें, कपाटाची बिजागरी बदलणें अशीं किरकोळ कामें आतां पुष्कळ कुटुंबांतून घरींच केलीं जातात. त्यांसाठीं सर्वांत आधीं मनांत येतें तें विजेचें ड्रिल. सुताराचा सामता व गिरमिट यांच्या मानानें हें हत्यार वयानें लहान आहे. मेलबर्न येथें आर्थर अर्नॉट व विल्यम ब्रेन यांनीं १८८९ सालीं विजेच्या ड्रिलचें पेटंट घेतलें. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानें दाबावयाचा खटका, हें आजचें परिचित रूप अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीनें त्यास दिलें; त्याचें पेटंट १९१७ सालचें आहे.

दुकानांत गेलेला नवखा गृहस्थ प्रथम किंमत विचारतो व मग वॅटचा आंकडा पाहतो. वस्तुतः त्यानें घरूनच एक प्रश्न सोडवून निघावयास हवें : भोंक कशांत पाडावयाचें आहे ? केवळ लांकूड व पत्रा यांसाठीं नुसतें फिरणारें साधें ड्रिल पुरतें. विटांच्या भिंतीसाठीं फिरतां फिरतां ठोकेही देणारें इम्पॅक्ट ड्रिल लागतें. काँक्रीटचे खांब व तुळया यांपुढें मात्र तेंही लवकर थकतें. तेथें रोटरी हॅमर हें निराळें, अधिक जड यंत्र उपयोगी पडतें. पुष्कळांची फसगत येथेंच होते. खिडकीच्या माथ्यावर बहुधा काँक्रीटची लिंटेल असते आणि पडद्याची दांडी नेमकी तेथेंच यावयाची असते. भोंक पडेना म्हणजे दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. अशा दोनचार भोंकांसाठीं महागडें यंत्र घेण्यापेक्षां मिस्त्रीस बोलावणें स्वस्त पडतें.

सामान्य घरास ५०० ते ६५० वॅटचें, तारेवर चालणारें इम्पॅक्ट ड्रिल पुरेसें आहे. ठोके बंद करण्याची सोय, खटक्याच्या दाबानें वेग कमीजास्त होणें आणि स्क्रू काढण्यासाठीं उलट फिरणें, हे तीन गुण त्यांत अवश्य पाहावे. बॅटरीचें ड्रिल हलकें व सोयीचें खरें. परंतु बॅटरी न वापरतांही जुनी होते, आणि नवी घेण्यास बराच खर्च येतो. वर्षांतून चार वेळां हत्यार काढणाऱ्यास तारेचेंच परवडतें.

वांचलेले पैसे बिटांवर खर्चावे. भिंतीसाठीं कार्बाइडच्या टोंकाचें, पत्र्यासाठीं हायस्पीड पोलादाचें आणि लांकडासाठीं मध्यें अणी असलेलें बिट घ्यावें. शंभर नगांच्या स्वस्त पेटीपेक्षां चांगलीं पांच बिटें अधिक काळ टिकतात. सहा मिलिमीटरच्या प्लास्टिक प्लगास बहुधा सहाचेंच बिट लागतें. लांकूड, पत्रा व फरशी यांवर ठोके बंदच ठेवावे. नाहींतर फरशीस तडा जातो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भिंतींच्या पोटांतून विजेच्या तारा व पाण्याचे नळ गेलेले असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खालीं वा आडव्या रेषेंत, तसेंच नळाच्या तोटीच्या वर भोंक पाडूं नये. यंत्रावर चौकोनांत चौकोन अशी दुहेरी आवरणाची खूण असावी आणि घराच्या विजेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला असावा. डोळ्यांवर चष्मा चढवावा. सैल बाही, पदर व मोकळे केंस आवरून घ्यावे. बिट बदलतांना प्लग काढून ठेवावा.

यंत्र हातीं आल्यावर पहिलें भोंक भिंतींत न पाडतां टाकाऊ फळींत पाडून पाहावें. फळी वायां गेली तरी नुकसान नाहीं, आणि हाताला वजनाची व वेगाची ओळख होते. मग भिंतीकडे वळावें.