पूर्वज शोधताना शेजारी विसरू नका



घराण्याचा एकोणिसाव्या शतकातला माग काढायला निघालेला माणूस बहुधा आडनाव धरून चालतो. तीन-चार पिढ्यांनंतर वाट खुंटते. कारण जुन्या खेड्याचे दप्तर घराण्यावार लावलेलेच नव्हते. ते गावावार, शेतावार आणि हक्कावार होते. कित्येक नोंदींत आडनावच नाही, ‘अमका वलद तमका’ एवढ्यावर काम भागे. म्हणून माझे आजचे सांगणे एकच आहे: पूर्वज सापडत नसेल, तर त्याचे शेजारी शोधा.

पुण्याजवळचे लोणीकंद घ्या. पेशवाई बुडाल्यावर लगेचच डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने या गावाची पाहणी केली आणि 1820 साली तिच्यावरचा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला. वस्ती सुमारे साडेपाचशेची. जमीन, पिके, घरातली चीजवस्तू, बलुतेदार, सावकाराचे देणे, सारे त्यात आहे. डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1960 साली याच गावावर पुन्हा ग्रंथ लिहिला. आपला खापरपणजा कोणत्या माणसांत वावरला, त्यांचे एकमेकांशी देणेघेणे काय होते, हे कळायला अशा पाहणीइतके दुसरे साधन नाही.

नावे हवीत, तर महजर पाहा. वतनाचा किंवा शिवेचा तंटा निघाला की गोत जमे आणि निवाड्याच्या कागदाखाली हजर माणसांची नावे पडत. लिहिता न येणारा आपल्या कामाची निशाणी करी: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. अशा एका कागदावर अर्धे गाव ओळीने उभे असते. वर काळ असतो तो असा: ‘सन तिसा अशर मयातैन व अलफ’. नऊ, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1219. त्यात 599 मिळवा. जूनमधल्या मृगापासून सुरू होणारे 1818-19 हे वर्ष हाती येते.

पुढे 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीन मोजणी सुरू झाली आणि ती पद्धत इलाखाभर पसरली. शेताला नंबर पडला, हद्दीला दगड बसला, आकारासमोर खातेदाराचे नाव चढले. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा इथे कामी येते. पूर्वेस कोणाचे शेत, दक्षिणेस कोणाचे, हे त्यात सांगितलेले असते. तुमचा कागद हरवला असेल. शेजाऱ्याच्या खतात तुमचा पूर्वज त्याच्या बांधाला उभा असतो. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही एकाच गावचे यात्रेकरू एकापाठोपाठ नोंदलेले सापडतात.

ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांच्यासाठी तर शेजार हाच मोठा आधार. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. तिथे त्याचे नाव येते. बायका मात्र या दप्तरांत फार थोड्या दिसतात. वतनाच्या वादात किंवा वारसाच्या अर्जात एखादीचे नाव आले, तर ते आवर्जून टिपून घ्या, कारण ते दुसरीकडे क्वचितच मिळेल. 1872 पासूनच्या शिरगणत्यांत गावाचे आकडे आहेत, माणसे नाहीत.

गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे. ही जाग दाखल्यापुरती राहू नये. तरुणांनी मोडी शिकावी. घरच्या माळ्यावरची बाडे रद्दीत घालू नयेत. त्यांची छायाचित्रे काढावीत, मूळ कागद पुराभिलेखागाराला किंवा जवळच्या संशोधन मंडळाला दाखवावेत. आणि वंशावळ लिहाल तेव्हा बांधाच्या चारी बाजूंची नावेही लिहा. त्या कागदावर कदाचित दुसऱ्या कोणाचा तरी हरवलेला पणजोबा असेल.