मोटारीचा धूर आणि ड्रायव्हरचे डोके



चुलीचा धूर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो डोळ्यांना झोंबतो, खोकला काढतो. म्हणून आपण लगेच दार उघडतो. मोटारीच्या धुरात मात्र एक वायू असा आहे, की त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो कधी अंगात शिरला, ते कळतच नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. नाव अवघड आहे खरे. दोनदा म्हणा, जमेल.

आपल्या रक्तात एक तांबडा पदार्थ असतो. प्राणवायू अंगभर पोचवायचे काम त्याचे. हमालच म्हणा ना! हा विषारी वायू त्या हमालाच्या पाठीवर आधी बसतो. प्राणवायूपेक्षा तो २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग मेंदूला प्राणवायू कमी पडतो. डोके दुखते, गरगरते, झोप येते. ड्रायव्हरला वाटते, जागरणाने असे होतेय. तो कपभर चहा घेतो आणि पुन्हा गाडीवर बसतो. चहाने हा वायू जात नाही. मोकळ्या हवेतसुद्धा त्यातला निम्मा जायला चार-पाच तास लागतात.

आपली पोरे ट्रक चालवतात, उसाचे ट्रॅक्टर चालवतात. बोरघाटात वाहने तुंबली, की एकामागे एक गाड्या धूर सोडत उभ्या. कॅनडात २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २५ धडधाकट माणसांना पातळ केलेला डिझेलचा धूर दोन तास दिला. मेंदूच्या भागांचा आपसातला मेळ तेवढ्यात कमी झाला. पुढे तो पूर्ववत झाला. पण ती माणसे दोनच तास धुरात होती!

डिझेलच्या काजळीचे कण केसाहून कितीतरी बारीक असतात. ते थेट फुप्फुसात जातात. या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले.

तोंडाला रुमाल बांधला तर थोडी धूळ अडेल, हा वायू अडणार नाही. आम्ही तर म्हणतो, घाटात गाडी अडकली की इंजिन बंद करावे. डोके जड झाले तर गाडी बाजूला घ्यावी, खाली उतरावे. थंडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये कधीही झोपू नये. अशी माणसे झोपेतच गेलेली आहेत. आणि सायलेन्सरला भोक पडले असेल तर ते आज दुरुस्त करून घ्या. त्या भोकातून आपल्याच गाडीचा धूर आपल्या केबिनमध्ये येतो.