सोडू नका, सोपवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमची चाळ पुनर्बांधणीला गेली. ट्रान्झिट कँपातली खोली लहान. मोत्याला ठेवायचं कुठं? पोरगा म्हणाला, "मंडईत सोडू, जगेल." मी म्हणालो, आठ वर्षं आपल्या हातचं खाल्लेला जीव उकिरड्यावर कसा जगेल? पाळीव जनावर उपासमारीत सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे.

म्हणून घर शोधलं, आधी स्वतः जाऊन पाहिलं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात रेबीजचं इंजेक्शन दिलं, कार्ड सोबत दिलं. तो फटाक्यांना घाबरतो, अनोळखी पोरांवर गुरगुरतो, हे लपवलं नाही. त्याची गोधडीही दिली. बजावलं, "नाही जमलं तर आमच्याकडे परत आणा."

आज अनेक चाळी पडत आहेत. घर बदलताना मुक्या जिवाला रस्त्यावर सोडू नका, खात्रीच्या हाती सोपवा, एवढीच विनंती.