दोरू नदीवरचे दोन दिवस: वाईनची बोट, माळकरी बाबा आणि पाण्याखालची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की युरोपात आई-वडिलांना घेऊन कुठे जावं, जिथे फार चालावं लागणार नाही. तर आजचा भाग त्यावरच आहे. म्हणजे निदान सुरुवात तरी तिथून आहे. पुढे तो जरा वेगळीकडे गेला.

ज्यांनी पहिल्यांदाच ऐकायला घेतलंय त्यांच्यासाठी: मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, गेली दोन वर्षं लिस्बनमध्ये नोकरी करते. आई जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या सप्टेंबरमध्ये बाबांना तीन आठवड्यांसाठी इकडे बोलावलं. बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला उपास. आधीच कमी बोलणारा माणूस, आई गेल्यावर तर जेवढ्यास तेवढं. फोनवर 'जेवलीस का, बरं, ठेवतो.' संपलं.

मी काय केलं, तर उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीची दोन दिवसांची बोटीची सहल बुक केली. नदी, डोंगर, बसून प्रवास, छान. पैसे भरून झाल्यावर नीट वाचलं, तर सहलीचं नाव, जेवण, थांबे, सगळं वाईनभोवती फिरणारं! माळकरी वडिलांना मी वाईनच्या सहलीला घेऊन चालले होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "प्यायची सक्ती आहे का?" म्हटलं, नाही. "मग नदी बघू." विषय संपला.

आता थोडा भूगोल. दोरू नदी स्पेनमध्ये उगम पावते, तिथे तिला दुएरो म्हणतात, आणि पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराजवळ अटलांटिकला मिळते. पोर्ट वाईन हे नाव याच पोर्तोवरून आलं. पण गंमत अशी की द्राक्षं पोर्तोत पिकत नाहीत. ती पिकतात आत, शंभरएक किलोमीटर वर, डोंगरात. आणि वाईन मुरायची नदीच्या तोंडाशी, पोर्तोच्या समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा द गाया नावाच्या गावातल्या कोठारांत. वर उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, खाली समुद्राची गार, दमट हवा. म्हणून पिकवायची वर, मुरवायची खाली. आणि मधला रस्ता म्हणजे ही नदी.

हा प्रदेश किती जुना? चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यानंतर सतरा वर्षांनी, १७५६ मध्ये, त्याच पोर्तुगीजांच्या देशात पोम्बाल या मंत्र्यानं एक कंपनी काढली आणि ठरवून दिलं, की अमुक हद्दीतल्या द्राक्षांचीच वाईन या नावानं निर्यात होईल. भेसळ फार वाढली होती. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळायचे, तर पोम्बालनं ती झाडंच उपटायला लावली. हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले, त्यातले काही अजून उभे आहेत. वाईनसाठी हद्द आखून नियम करण्याचा हा जगातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न. आज आपण हापूसचं, नाशिकच्या द्राक्षाचं भौगोलिक मानांकन म्हणतो ना, त्याचा हा पणजोबा.

बरं, बोट. सकाळी पोर्तोहून निघालो. पहिला तासभर बाबा डेकवर गप्प बसून होते. लोक हातात ग्लास घेऊन फोटो काढत होते, बाबा पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ही नदी वाहत नाहीये."

मी म्हटलं, म्हणजे?

"ही नदी मोकळी नाही. पुढे कुठेतरी धरण असणार."

आणि खरंच होतं! पोर्तुगालमधल्या दोरूवर पाच धरणं आहेत: क्रेश्तुमा, कारापातेलो, रेग्वा, वालेइरा आणि पोसिन्यो. १९७०-८०च्या दशकांत ती एकेक करून झाली. प्रत्येकाला बोटीसाठी लॉक आहे. लॉक म्हणजे सोप्या भाषेत बोटीची लिफ्ट. काँक्रीटच्या अरुंद हौदात बोट शिरते, मागचं दार बंद होतं, वरच्या जलाशयातलं पाणी आत सोडतात, बोट पाण्याबरोबर वर उचलली जाते, पुढचं दार उघडतं. कारापातेलोला ही लिफ्ट तब्बल ३५ मीटरची आहे. दहा-बारा मजली इमारत समजा. दोन्ही बाजूंना ओल्या, शेवाळलेल्या भिंती, वर आकाशाची एक पट्टी, आणि आपण हळूहळू वर चाललोय.

आमच्या बोटीवरचे सगळे मोबाईल वर करून उभे. आणि बाबा? बाबा सुरू झाले! "पंप नाही बघ कुठे. नुसतं वरचं पाणी खाली येतं, दोन्हीकडची पातळी सारखी होते, बस. दार उघडायला जोर लागतच नाही, कारण दोन्ही बाजूंना दाब सारखा." शेजारच्या जर्मन आजोबांना त्यांनी हातवारे करून हे सगळं समजावलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नव्हती, पण मुद्दा पोचला. दीड वर्षात बाबांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

कारापातेलो ओलांडलं की थोड्या वेळानं डोंगर बदलायला लागतात. खाली पाण्यापासून वर माथ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षवेली. या प्रदेशाला २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती मुख्यतः या माणसांनी घडवलेल्या डोंगरांसाठी. कारण इथे माती जवळजवळ नव्हतीच. शिस्ट नावाचा, पाटीसारखा थरांचा दगड आहे. तो फोडून माणसांनी माती केली, त्याच दगडाच्या कोरड्या भिंती रचल्या. चुना नाही, सिमेंट नाही. वेलीची मुळं दगडाच्या भेगांतून खोल जातात आणि पाणी शोधतात. बाबा म्हणाले, "या तर ताली आहेत." आमच्या सातारकडे उतारावर माती अडवायला दगडी ताली घालतात, अगदी तशा. फक्त अख्खा डोंगरच तालींचा.

मध्येच काही पायऱ्या ओसाड दिसतात. झुडपं वाढलेली, भिंती ढासळलेल्या. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची, अमेरिकेतून आलेली बारीक कीड वेलींच्या मुळांना लागली आणि बागाच्या बागा मेल्या. नंतर अमेरिकन वेलीच्या खुंटावर इथल्या जातींची कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या केल्या, पण सगळ्या नाही. ज्या सोडून दिल्या त्यांना इथे 'मॉर्टोरियो' म्हणतात. त्यात मरणाचाच शब्द आहे.

रात्री मुक्काम रेग्वा गावात. दुसऱ्या दिवशी पुढचं लॉक ओलांडून पिन्यांवला पोचलो आणि तिथल्या एका किंटात, म्हणजे द्राक्षमळ्यात, गेलो. सप्टेंबर असल्यामुळे तोडणी चालू होती. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं खांद्याला खांदा लावून द्राक्षं पायांनी तुडवत होती. आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आहेत, पण काही मळ्यांत अजून पाय चालतात. पोर्टची युक्ती अशी: रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर अजून शिल्लक असताना, त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. त्यानं यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि गोडवा आतच राहतो. म्हणून ती गोडही असते आणि साध्या वाईनपेक्षा कडकही, १९ ते २२ टक्क्यांच्या घरात.

गाईड ताई एका लाकडी पिपावर हात ठेवून म्हणाल्या, "ही पीपा. ५५० लिटर." बाबा एकदम, "पिंप!" हो, आपलं पिंप हे यांच्या 'पीपा'वरूनच आलंय. आणि दुकानात गल्ल्यावर 'पगार' असं ऐकू आलं तेव्हा मात्र बाबा हसलेच. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणे. आपण महिनाभर ज्याची वाट बघतो तो शब्द यांचा. मला मात्र त्या तालींकडे बघून वाटलं, हे दगड रचायला शेजारच्या स्पेनमधल्या गालिसियातून मजूर यायचे. त्यांना किती पगार मिळत असेल?

आता ज्याच्यासाठी हा भाग करतेय, ते सांगते.

किंटातून परतताना गाईड ताईंनी जुन्या बोटींची गोष्ट सांगितली. राबेलो म्हणतात त्या बोटींना. सपाट तळाच्या, मागे लांबलचक वल्हं. वाईनची पिंपं घेऊन त्या याच नदीनं खाली जायच्या. पण तेव्हा नदी अशी नव्हती. खडक, भोवरे, धबधब्यासारखे उतार. पुढे वालेइराला एक भयंकर घळ होती. १८६१ मध्ये तिथे जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाले. हे इंग्रज व्यापारी, आणि या नदीचा तपशीलवार नकाशा यांनीच काढलेला! ज्यानं नदी इंच इंच मोजली त्यालाच ती घेऊन गेली. त्याच बोटीत अंतोनिया फेरेरा होत्या, तरुणपणी विधवा झाल्यावर अख्खा कारभार सांभाळणारी या खोऱ्यातली मोठी मळेवाली. त्या वाचल्या. लोक सांगतात की त्यांच्या घेरदार झग्यानं त्यांना तरंगवलं आणि फॉरेस्टरना कमरेच्या पैशांच्या पट्ट्यानं खाली ओढलं. खरं-खोटं नदीला माहीत.

आज ती घळ धरणाच्या पाण्याखाली शांत आहे. रेल्वे आली, रस्ते आले, धरणं आली, आणि १९६०च्या दशकात राबेलोंची वाहतूक संपली. आता त्या गायाच्या काठावर फोटोपुरत्या उभ्या असतात.

मग ताई म्हणाल्या की आणखी वर, कोआ या उपनदीवरही धरण बांधायला घेतलं होतं. पण तिथे खडकांवर वीसेक हजार वर्षांपूर्वीची, घोड्यांची, बैलांची कोरीव चित्रं सापडली. शाळेतली मुलंसुद्धा निषेधाला उतरली. शेवटी १९९०च्या दशकाच्या मध्यात सरकारनं अर्धवट काम थांबवलं, आणि १९९८ मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली.

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चित्रं होती म्हणून थांबलं. घरं असती तर?"

संध्याकाळी पिन्यांवच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. फार सुंदर स्टेशन आहे, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर तोडणीची, बोटींची चित्रं. तिथे बाबांनी सांगितलं. नोकरीला लागून सहा महिने झाले होते. एका गावात बुडीत क्षेत्राच्या मोजणीला गेले होते. टेप लावायचा, खोल्या मोजायच्या, झाडं मोजायची, रजिस्टरला लिहायचं. एका म्हातारीच्या घराची मोजणी झाली, दुपार झाली होती, तर तिनंच यांना बसवून जेवायला वाढलं. पिठलं-भाकरी. "मी तिच्या चुलीचं माप लिहिलं होतं गं," बाबा म्हणाले. "आणि तिनं त्याच चुलीवरचं मला वाढलं. धरण झालं, कालव्याला पाणी आलं, खालच्या लोकांचं भलं झालं, ते काही खोटं नाही. पण ती कुठे गेली, मी कधी विचारलं नाही. तुझ्या आईला तेवढं माहीत होतं."

मी काय बोलणार? माझं शिक्षण, माझी ही नोकरी, बाबांच्या त्याच पगारावर झालंय. गाडी आली, आम्ही चढलो.

त्या दिवसापासून एक मात्र झालं. बाबा फोनवर बोलतात. सध्या ते त्या गावातले लोक कुठे वसवले ते शोधताहेत. जुन्या सहकाऱ्यांना फोन करतात, मला अहवाल देतात. म्हातारी आता असणं शक्य नाही, पण तिची नातवंडं असतील.

तर मंडळी, दोरूला जरूर जा. चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, सप्टेंबरमध्ये जा, तोडणी बघायला मिळते. जुलै-ऑगस्टचं ऊन ज्येष्ठांना झेपणार नाही. दोन, बोटीनं जा आणि रेल्वेनं परत या. पोर्तोकडे येताना डावीकडची खिडकी पकडा, नदी त्या बाजूला असते. तीन, शाकाहारी असाल तर आधी लेखी कळवा. 'काल्दु व्हेर्द' नावाचं हिरवं सूप भाजीचं दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, वाचलो. आणि चौथी, लॉकमध्ये बोट वर चढत असेल तेव्हा एक मिनिट मोबाईल खाली ठेवा. इतकं शांत पाणी आपोआप होत नाही. खाली काय आहे, ते कुणाला तरी विचारा.

तुमच्या घरी धरणात गेलेल्या गावाची, किंवा धरण बांधलेल्या माणसाची गोष्ट असेल, तर मला आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. बाबा म्हणालेत, ते सगळ्या ऐकणार आहेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!